‘बेवारस’ या शब्दाविरुद्ध

मराठीत ‘बेवारस’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा अर्थ आपल्या लक्षातही राहत नाही. ‘वारिस’ हा अरबी शब्द आणि त्यामागे ‘बे’ हा फारसी उपसर्ग. ज्याला वारस नाही, किंवा ज्यावर कुणाचा वारसाहक्क नाही, ते बेवारस. बेवारस जमीन, बेवारस गुरे, फलाटावर सापडलेली बेवारस पिशवी. मालमत्तेच्या व्यवहारात हा शब्द शोभतो. कारण वारस लागतो तो मालक गेल्यावर. माणसाच्या मृत्यूनंतर विचारायचा हा प्रश्न आपण जिवंत माणसाच्या कपाळी लावतो, आणि ‘बेवारस रुग्ण दाखल’ अशी बातमी वाचताना आपल्याला काहीही खटकत नाही.

भाषा शिकवणाऱ्यांनी हे खटकवून घेतले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. शब्द बदलला की जग बदलते, अशा भाबड्या समजुतीने आम्ही हे म्हणत नाही. या शब्दाने एक चुकीचा प्रश्न आपल्या इस्पितळांच्या कारभारात रुजवला आहे, आणि त्या प्रश्नापायी माणसे मरतात, म्हणून म्हणतो. रस्त्यावर राहणारा माणूस आकस्मिक विभागाच्या दाराशी येतो तेव्हा त्याला वारसाची गरज नसते, सोबतीची असते. घर नसणे ही एक गोष्ट आणि सोबत कुणी नसणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे उपाय शोधणाऱ्यांची दिशाही चुकते.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पदपथांवरचा आहे, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. २०११ च्या जनगणनेसाठी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरातील बेघरांची मोजणी झाली. ती संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. त्यांतील २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात होते. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे, अशी बेघरांची व्याख्या होती. या यादीतली देऊळ आणि फलाट ही ठिकाणे वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या गावात आहेत. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड घ्या. काचीगुड्याहून अजमेरपर्यंत दक्षिण आणि उत्तर जोडणारा जुना मीटरगेज मार्ग अकोला, अकोट करीत याच गावावरून पुढे सातपुड्यात चढत असे. अकोटच्या पलीकडची ती गाडी २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी बंद झाली. रेल्वे असो वा एस. टी., अशा वाटांवरच्या गावांत फिरस्ते येतच असतात. कुणाच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो, कुणाला मुलांनी बाहेर काढलेले असते, कुणी मेळघाटातून कामाला उतरलेला आणि टोळीपासून चुकलेला असतो. गाव त्यांना भाकरी देते. त्याबाबत वऱ्हाड कंजूष नाही. आजारपण आले की मात्र गावाचा हात आखडतो, कारण पुढचा मार्ग इस्पितळाचा असतो आणि तिथे भाकरी देऊन भागत नाही.

समजा, अशा गावाच्या बसथांब्यावर झोपणारा एक म्हातारा सकाळी उठलाच नाही. श्वास चालू आहे, पण शुद्ध नाही. कुणीतरी १०८ क्रमांक फिरवतो. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. ती पैसे मागत नाही आणि रेशनकार्डही विचारत नाही. नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही ती उचलते. प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचे इस्पितळ, आणि तिथून ‘पुढे न्या’ असा सल्ला. पुढे म्हणजे अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, साठेक किलोमीटरांवर. याच अकोट-अकोला रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णा नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २०२२ च्या ऑक्टोबरात तडे गेल्याने बंद झाला, तेव्हा हा प्रवास आणखी लांबला होता. अंतर आणि रस्ता या अडचणी गावातल्या सगळ्याच रुग्णांच्या आहेत. इथपर्यंत आपला म्हातारा इतरांच्या बरोबरीचा आहे.

फरक पडतो तो स्ट्रेचर दारात टेकल्यावर. तिथला पहिला प्रश्न ‘काय झाले?’ असा क्वचितच असतो. तो असतो, ‘याच्यासंग कोन हाय?’ या प्रश्नात दुष्टावा नसतो. आपले सरकारी इस्पितळ ज्या गृहीतावर उभे आहे, ते गृहीत या प्रश्नात उघडे पडते. केसपेपर कोण काढणार? स्ट्रेचर क्ष-किरण विभागाकडे कोण ढकलणार? रक्ताची बाटली प्रयोगशाळेत कोण पोचवणार, बाहेरून लिहून दिलेले औषध कोण आणणार, अंथरूण ओले झाले तर कोण बदलणार, रात्री सलाइन संपल्यावर परिचारिकेला कोण हाक मारणार? परिचारिका कमी, कक्षसेवक त्याहून कमी; म्हणून ही निम्मी शुश्रूषा नातेवाईक बिनपगारी करतात. नातेवाईक हा आपल्या आरोग्यव्यवस्थेतला सर्वांत मोठा कर्मचारीवर्ग आहे, फक्त त्याची नोंद कुठल्याही आस्थापना-सूचीत नाही. ज्याला नातेवाईक नाही त्याच्या वाट्याचा हा कर्मचारी गैरहजर असतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिलेली असते, तपासणी सांगितलेली असते. पण चिठ्ठी उशाशी आणि माणूस खाटेवर, असे तासचे तास जातात. त्याला कुणी हाकलले नाही, उपचार नाकारलाही नाही. तरी उपचार झाला नाही.

कायद्यापुरते म्हटले तर याबाबत संदिग्धता उरलेली नाही. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार नंतर. त्या याचिकेला निमित्त झाले होते एका वृत्ताचे: मोटारीची धडक बसलेल्या स्कूटरस्वाराला एका इस्पितळाने पोलीस प्रकरण म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळाकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोण करणार, हा नेहमीचा आक्षेपही टिकत नाही. रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नसेल आणि त्याच्या वतीने देणारे कुणी वेळेत सापडत नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंडसंहितेच्या कलम ९२ ने संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ३० मध्ये आहे.

दुसरा निकाल आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार होता. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी इस्पितळात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि राज्य सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. हा निकाल ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ या शेतमजुरांच्या संघटनेच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या नावातच त्याचे मर्म आहे. त्या मजुराला दारोदार घेऊन फिरणारी माणसे होती. पैसे उभे राहिले, पुढे त्याच्या बाजूने संघटना न्यायालयात उभी राहिली. तो एकटा असता तर पहिल्याच इस्पितळाच्या ओसरीवर मेला असता आणि कुठल्याही निकालपत्रात त्याचे नाव आले नसते. एकट्या माणसाचा हक्क सिद्ध करायलाही दुसरा माणूस लागतो.

सरकारी योजनांचीही हीच गत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इस्पितळांत उपचार निःशुल्क झाले. पण वैद्यकीय महाविद्यालयांची इस्पितळे वेगळ्या विभागाकडे असल्याने त्या निर्णयात नव्हती, आणि गंभीर रुग्ण ‘पुढे न्या’ म्हणून पोचतो तो बहुधा तिथेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे, असेही तीत स्पष्ट आहे. पण निर्धन असल्याचा पुरावा म्हणजे तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका. शिधापत्रिकेला पत्ता लागतो. ज्याच्यापाशी काहीच नाही, तोच आपल्यापाशी काही नाही हे कागदावर दाखवू शकत नाही! याला सन्माननीय अपवाद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ कार्ड असो वा नसो, तसेच निराधार आणि बेघर व्यक्तीला मानसिक उपचार मोफत मिळतील, असे त्यात लिहिले आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेण्याची जबाबदारीही त्यात पोलिसांवर टाकली आहे. ‘कार्ड असो वा नसो’ हे चार शब्द मनाच्या आजाराच्या कायद्यात लिहिता येतात, तर शरीराच्या आजाराच्या प्रत्येक योजनेतही लिहिता येतील.

आता याच्या शेजारी दुसरे कायदे ठेवून पाहा. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ साली शरीरशास्त्र कायदा झाला. (विदर्भ त्या वेळी त्या राज्यात नव्हता, आज तो महाराष्ट्राचा कायदा आहे.) इस्पितळात मरण पावलेल्या आणि कुणी हक्क न सांगितलेल्या माणसाचे प्रेत वैद्यकीय शिक्षणासाठी कसे सोपवायचे, याची तजवीज त्यात आहे. कायद्याचा हेतू योग्यच आहे. त्यावाचून डॉक्टर घडणार नाहीत. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात तर उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणाऱ्यालाही भिकारी ठरवण्याची सोय आहे. या तारखा ओळीने मांडल्या तर जे दिसते ते विषण्ण करणारे आहे. वारस नसलेल्या प्रेताचे काय करायचे, हे १९४९ मध्ये ठरले. भटकणाऱ्या माणसाला पकडायचे कसे, हे १९५९ मध्ये. आणि कोसळलेल्या माणसाला आधी वाचवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८९ मध्ये सांगावे लागले. ‘बेवारस’ या शब्दातला मृत्यूचा संदर्भ व्याकरणापुरता नाही, तो आपल्या कायद्यांच्या क्रमातही आहे.

डॉक्टरांची बाजू इथे मांडली नाही तर अन्याय होईल. आकस्मिक विभागात रात्रपाळीला असलेला निवासी डॉक्टर बहुधा पंचविशीतला असतो आणि त्याच्यापुढे एकाच वेळी विषबाधा, अपघात, सर्पदंश असे रुग्ण असतात. अनोळखी रुग्ण म्हणजे पोलिसांना कळवणे, नोंदी, पंचनामे. शिवाय बरा झाल्यावर त्याला सोडायचे कुठे? जखम भरत आलेली आहे, पण रोज पट्टी बदलायला हवी. अशा माणसाला रस्त्यावर सोडले तर आठवड्यात जखम चिघळून तो परत येणार, आणि ठेवून घेतले तर दुसऱ्या अत्यवस्थ रुग्णाची खाट अडणार. ‘इस्पितळ म्हणजे धर्मशाळा नव्हे’ हे वाक्य निष्ठुर वाटले तरी त्यात तथ्य आहे. आम्हांला ते मान्य आहे. मात्र ते मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: मग धर्मशाळा कुठे आहे?

हा प्रश्न वऱ्हाडातच एका माणसाने फार पूर्वी विचारला आणि सोडवलाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. चिंध्यांचे वस्त्र, हाती फुटके गाडगे, घर सोडलेले. जनगणनेच्या व्याख्येत ते चपखल बसले असते. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकरांनीही लिहिले; आपल्या अभ्यासक्रमांत बाबा स्वच्छतेचा आणि कीर्तनाचा धडा म्हणून येतात. पण त्यांनी बांधले काय, याकडे पाहा. त्यांनी मंदिर बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. तीर्थक्षेत्री बांधल्या, तशीच मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरातही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. पुढे त्यांच्या अनुयायांनी दादरला उभारलेल्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. उपचार इस्पितळात होतो, पण बरे होणे इस्पितळाबाहेर घडते, आणि त्यासाठी आडोसा, ऊन पाणी आणि कुणाची तरी सोबत लागते, ही गोष्ट या निरक्षर माणसाला नेमकी कळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी अवस्थेत मोटारीतून अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांचे प्राण गेले. घर नव्हते, मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवली नव्हती. तरी त्या मोटारीत त्यांची माणसे होती. बेघर होते, एकटे नव्हते.

त्याच जिल्ह्यात आज वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी आसरा दिला, आणि त्यांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागी स्वतःचे नाव लावले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरवात नेहमी त्यांच्या करुणेविषयी बोलले जाते. आम्हांला त्यांची कृती अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती कागदावरची कृती आहे. ‘सोबत कोण?’ या रकान्यात कुणाचे तरी नाव असल्याशिवाय व्यवस्था माणसाकडे पाहत नाही, हे ओळखून त्यांनी तो रकाना भरला. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अशा मुलांना बालगृहाबाहेर काढले जाऊ नये, ही त्यांची जुनी मागणीही याच विचारातून आलेली आहे. पण प्रत्येक तालुक्याला एक पापळकर मिळेल अशी आशा धरून आरोग्यधोरण आखता येत नाही. संतांनी आणि सत्पुरुषांनी जे करून दाखवले ते नित्याचे व्हावे, यासाठीच तर शासन नावाची गोष्ट असते.

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रत्येक आकस्मिक विभागात, चोवीस तास पगारी सोबती असावेत. ज्या रुग्णाबरोबर कुणी नाही त्याचा केसपेपर काढणे, तपासण्यांना नेणे, औषध आणणे, जेवण भरवणे आणि सुटी होईपर्यंत त्याची विचारपूस करणे, एवढेच त्यांचे काम. मोठ्या इस्पितळांत समाजसेवा अधीक्षक असतात. पण ते कार्यालयीन वेळेत असतात आणि माणसे रात्रीही कोसळतात. दुसरे, इस्पितळाच्या जवळ बरे होण्यापुरता निवारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांतून दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात हिवरखेडसारखे गाव कधीच बसणार नाही, तेल्हारा-अकोटही बसणार नाहीत. लोकसंख्येऐवजी इस्पितळ हे एकक धरले, तर तालुक्याच्या गावीही पाच-दहा खाटांची धर्मशाळा उभी राहू शकेल. यावर होणारा खर्च दयेपोटी करायचा नाही. अर्धवट बरा होऊन पुनःपुन्हा परतणारा रुग्ण इस्पितळाला नेहमीच महाग पडतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्या विषयाची, भाषेची. अनोळखी रुग्णाच्या कागदावर ‘पुरुष, वय अंदाजे ६०’ एवढे लिहून थांबतात. तो शुद्धीवर आल्यावर काय बोलला, कोणत्या बोलीत बोलला, हे कुणी लिहीत नाही. वास्तविक बोली हाच अशा माणसाचा पत्ता असतो. निमाडी बोलणारा सातपुड्यापलीकडचा, अहिराणी बोलणारा खानदेशाकडचा, कोरकू बोलणारा मेळघाटाचा किंवा त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाचा. आणि वऱ्हाडीतही अकोल्याकडची आणि वर्ध्याकडची लकब कानाला वेगळी लागते. भटकणाऱ्या मनोरुग्णांना घरी पोचवण्याचे काम करणाऱ्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राच्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्या कामातही रुग्णाच्या तुटक बोलण्यातून गावाचे नाव निघेपर्यंत कुणीतरी ऐकत बसावे लागते. बोलीविज्ञानाच्या तासाला आपण रूपिमा आणि स्वनिमा शिकवतो. वऱ्हाडातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग जवळच्या इस्पितळाला महिन्याकाठी दोन-चार तासांचे कान देऊ शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले याच वयाची असतात. हे पगारी सोबत्याच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवे. अन्यथा फुकटच्या विद्यार्थ्यांवर शासन आपली जबाबदारी ढकलून मोकळे होईल.

राहिला शब्दाचा प्रश्न. ‘बेवारस’ला आम्ही ‘एकटा रुग्ण’ असा साधा पर्याय सुचवतो. त्यात सहानुभूतीचा उमाळा नाही, शासकीय संस्कृतचा डौल नाही. पण ‘बेवारस’ लिहिले की पुढे काही करायचे उरत नाही. मृत्यूची वाट पाहिली की झाले. ‘एकटा’ लिहिले की लिहिणाऱ्यालाच पुढचा प्रश्न पडतो: मग याच्याजवळ कुणाला बसवायचे?